दोन्ही कागद माझ्याच अक्षरात

'सार्वभौम' हा शब्द दादाला मी दिला. त्याने तो आधी कुठे ऐकला असेलही, पण त्याचा अर्थ विचारायला तो माझ्याकडे आला आणि मी शिकवायच्या सवयीने, उत्साहाने तो समजावून सांगितला.

मी महाडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातली चाळीसेक घरांची वाडी. घरटी एक तरी माणूस मुंबईला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तोही विशीत मुंबईला गेला आणि तीस वर्षं एका उंच इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसला. येणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं, वर फोन लावायचा, "पाठवू का?" म्हणून विचारायचं, वरून हो आलं की सोडायचं. गणपतीला घरी आला की सांगायचा, "एवढी वर्षं फाटकावर हाय, पण कुणाला आत घ्यायचं ते मी एकदा पण ठरवलं नाय." आम्ही हसायचो. तोही हसायचा.

गुडघे दुखायला लागले तसा तो नोकरी सोडून वाडीत येऊन राहिला. त्याच वर्षी झऱ्याचं प्रकरण झालं. वाडीच्या डोक्यावर एक झरा आहे. वैशाखातही त्याला बोटभर धार असते, आणि वाडीचं पिण्याचं पाणी तेवढंच. खाली रस्त्याच्या कडेला बाहेरच्या कुणीतरी जमिनी घेऊन बंगल्यांची वसाहत आखली होती. झऱ्याचं पाणी नळाने त्या बंगल्यांना न्यायचं, असं कुठल्यातरी कार्यालयात ठरलं. दोन माणसं टेप घेऊन आली, मोजमाप करून गेली. वाडीला कुणी काही विचारलंच नाही.

दादा दुसऱ्याच दिवशी एसटीने महाडला आला. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "ग्रामसभेत ठराव मांडायचाय. तू रोज पोरांना शिकवतेस. लिवून दे. असं लिव की वरच्या सायबाला वाचताना घाम फुटला पायजे."

मी लिहिलं. 'या वाडीच्या पाण्याबाबत व जमिनीबाबत वाडीला न विचारता कोणीही कोणताही निर्णय करू नये, तो वाडीस मान्य असणार नाही.' त्याने दोनदा वाचून घेतलं.

"यात एक वजनदार शब्द टाक."

"सार्वभौम असा शब्द आहे," मी म्हटलं. "ज्याच्यावर आणखी कुणी नाही तो सार्वभौम. पण दादा, तो देशाला लावतात. सत्ता लोकांची असते, या अर्थाने. वाडीला नाही लावत."

"वाडीत लोकच ऱ्हातात ना गो?" तो म्हणाला.

मला ते उत्तर फार आवडलं. वर्गात एखादा विद्यार्थी असं बोलला असता तर मी त्याचं कौतुकच केलं असतं. मी 'सार्वभौम' शब्द ठरावात घातला.

ठराव एकमताने झाला. वाडीतली माणसं तो घेऊन चारदा कार्यालयात गेली, मुंबईहून वाडीच्या मंडळाची माणसं आली, वर्तमानपत्रात बातमी आली आणि ती योजना बारगळली. वाडीने दादाला हार घातला. सगळ्यात जास्त कुणी टाळ्या वाजवल्या असतील तर माझ्या मैत्रिणीने.

ती आमच्या शेजारची, माझ्याच वयाची. शाळेत आम्ही एकत्र चालत जायचो. लग्न होऊन मुंबईला गेली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून आईजवळ परत आली आणि वाडीतली अंगणवाडी चालवू लागली. त्यांचं घर सगळ्यात वर, डोंगराच्या पायाशी. तिच्या आईने आम्हा भावंडांना स्वतःच्या मुलांसारखं वागवलं होतं. आमची आई आजारी होती त्या वर्षी दादा त्यांच्याच घरी जेवायचा.

त्या हारानंतर दादा बदलला असं मी म्हणणार नाही. उलट मला वाटतं, तो पहिल्यांदाच स्वतःसारखा वागायला लागला. सरळ उभा राहायचा. आवाज मोठा झाला. लोक त्याला विचारायला यायचे. पंधरा ऑगस्टला त्याने देवळासमोर झेंडा लावला आणि भाषण केलं. म्हणाला, "देश हाफिसात नसतो. देश हितं हाय, आपल्या वाडीत. आपण म्हणजेच देश. जो आपल्या विरोधात तो देशाच्या विरोधात." मुंबईहून आलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी पण तिथे होते. ते वाक्य मला खटकलं, पण उन्हात उभी होते, प्रसाद वाटायचा होता, बोलायचं राहून गेलं.

मग वाडीच्या वळणावर फलक लागला: 'परवानगीशिवाय बाहेरच्यांना प्रवेश नाही.' शेजारी पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक वही. गोधड्यांसाठी चिंध्या-कापडं विकणारा एक म्हातारा वर्षानुवर्षं यायचा, त्याला परत पाठवला. भांडीवालीला परत पाठवलं. मी दादाला म्हटलं, "ती म्हातारी माणसं तुझं काय घेऊन जाणार होती?"

"प्रश्न त्यांचा नाय. कोण येणार ते आपण ठरवायचं, येवढंच."

मी तेव्हा अकरावीला याच विषयावर जादा तास घेत होते. जगभरच्या बातम्यांत 'सार्वभौमवाद' हा शब्द सारखा यायला लागला होता. मुलांना सांगायचे, देशावर प्रेम असणं वेगळं, लोकांच्या बाजूने बोलणं वेगळं, आणि शेवटचा शब्द आमचाच, बाहेरच्या कुणी आम्हाला जाब विचारायचा नाही, असं म्हणणं वेगळं. तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे बघितल्या तर प्रत्येकीत काही ना काही खरं आहे. पण एखादा माणूस जेव्हा म्हणतो की खरे लोक आम्हीच, आणि जो वेगळं बोलतो तो लोकांतला नव्हेच, तेव्हा त्या तिन्हींचं एक होऊन जातं आणि घरातला माणूसही बाहेरचा ठरतो. मुलं लिहून घ्यायची. मी युरोपातली उदाहरणं द्यायचे. वाडीचं उदाहरण मी कधी दिलं नाही.

एकदा मात्र दादाशी बोलले. मार्चचे दिवस होते. चवदार तळ्यावर लांबलांबून माणसं आली होती, रस्ता भरून गेला होता आणि दादा त्या गर्दीतून वाट काढत माझ्या घरी पोचला होता. मी म्हटलं, "या तळ्याचं पाणी सगळ्यांना खुलं, असा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. तरी गावातल्यांनी म्हटलं, तळं आमचं, आम्ही ठरवू. त्यांनाही वाटत असणार, गाव म्हणजे आपणच."

दादाने तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "ते येगळं."

"कसं वेगळं?"

"मला वाद येत नाय तुझ्यासारखा. येगळं हाय ते."

पुढच्या पावसाळ्यात मैत्रिणीच्या घराच्या मागे डोंगराला भेग पडली. आमच्या भागात दरड येऊन अख्ख्या वाड्या गेलेल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तिने मला दाखवायला नेलं. हाताची चार बोटं आत जातील एवढी रुंद आणि अंगणाएवढी लांब. तिने त्यात काठी घातली, ती हातभर आत गेली.

पाहणी करायला सरकारी माणसं आली, ती वळणावरूनच परत पाठवली गेली. दादाचं म्हणणं अगदीच खुळचट नव्हतं. तो म्हणाला, "आज म्हणतील भेग हाय, उद्या म्हणतील वाडी धोक्यात, खाली पत्र्याच्या खोल्यांत चला. आपण खाली गेलो की वरची जमीन मोकळी. मग झरा कुणाचा?" लोकांना ते पटलं. मलाही निम्मं पटलं.

पण मैत्रीण आईला घेऊन त्या भिंतीला लागून झोपत होती. एका दुपारी ती छत्री मिटत माझ्या दारात उभी राहिली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "तहसीलदाराला अर्ज लिवून दे. येऊन बघा म्हनावं. बाकी काय नको."

"दादाला विचारलंस?"

"विचारलं. म्हनला, गावकी ठरवील. गावकी ठरवीपर्यंत डोंगर थांबतोय का गो?"

मी अर्ज लिहिला. तिने खाली सही केली. ती पोलादपूरला जाऊन स्वतःच्या हाताने देऊन आली.

आठवड्याने पाहणीची माणसं आली, या वेळी बरोबर पोलीस होते. शेडमधली वही कुणी विचारली नाही. त्यांनी डोंगरावर चुन्याच्या खुणा केल्या आणि मैत्रिणीचं घर व खालची पाच घरं पावसाळाभर रिकामी करा, असं सांगून गेले. मैत्रीण आईला घेऊन रात्री अंगणवाडीत झोपू लागली, बाकीची पाच घरं हलली नाहीत. वाडी खवळली. पोलीस आणले, आपल्याच माणसाने आणले.

देवळात बैठक झाली. मी नव्हते, वहिनीने नंतर सांगितलं. ठराव वाचला गेला तो असा: 'वाडीला न विचारता जिने निर्णय केला, तो वाडीस मान्य नाही. तिच्याशी कोणी बोलू नये, देवघेव करू नये, तिच्या दारी जाऊ नये.' सुरुवातीचे शब्द माझेच होते. झऱ्यासाठी लिहिलेल्या ठरावावरून त्यांनी ते उतरवून घेतले होते.

दोन दिवसांनी दादा महाडला आला. या वेळी आत आला नाही. दारातच उभा राहिला.

"कार्यालयात अर्ज बघितला मी. अक्षर तुझं हाय."

"हो. माझंच आहे."

"माझ्या ठरावाचं पण तुझंच."

"दादा, तिला भीती वाटत होती. तिने नुसतं येऊन बघा म्हटलं."

"माझ्याकडं यायचं होतं."

"आली होती ना तुझ्याकडे!"

तो जिन्याकडे वळला. मग म्हणाला, "तू आमची का त्यांची, येवढं ठरव," आणि जिना उतरून गेला. मागून हाक मारली तर थांबला नाही.

मी वाडीत गेले ते पंधरा दिवसांनी. आधी जायला हवं होतं. कॉलेजच्या परीक्षा होत्या, पण ते कारण नव्हतं. दादाच्या समोर जायचा धीर होत नव्हता. शेडमधल्या पोराने माझं नाव वहीत लिहिलं. त्याला मी लहानपणापासून ओळखत होते. त्याने मान वर केली नाही.

अंगणवाडीचं दार उघडं होतं. पातेल्यात खिचडी शिजवून ठेवलेली, ताटल्या पुसून एकावर एक रचलेल्या. सतरंजी अंथरलेली. मूल एकही नव्हतं. मैत्रीण हजेरीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती.

"रोज शिजवतेस?"

"शिजवायलाच लागतं. उद्या कोण आलं तर?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सकाळपासून तू पयली बोललीस."

त्याच वेळी तीन-चार वर्षांची एक मुलगी दारापर्यंत आली. आत डोकावून तिने ओळखीचं हसू आणलं. लगेच मागून तिची आई धावत आली, मुलीला उचलून, पदराने तोंड झाकून निघून गेली. त्याच बाईचं बाळंतपण अवघड झालं होतं, तेव्हा मैत्रीण तिच्याबरोबर जीपमधून महाडपर्यंत आली होती. मैत्रिणीने हजेरीत शून्य लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

मी तिला म्हटलं, "बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. तक्रार कर. मी तुझ्याबरोबर येते."

"आणि तुझा दादा आत गेला तर? मी इथं कुणाच्या तोंडाकडं बघून ऱ्हाऊ? त्याला माझ्या आयशीनं भरवलाय." ती डोळे न पुसता बोलत होती. "नको. चार महिन्यांत इसरतील."

ती नको म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तक्रार मीही करू शकले असते. कायदा मला पाठ होता, कलमांसकट मी तो शिकवत होते.

ते विसरले नाहीत. दिवाळीच्या तोंडावर मैत्रिणीची आई गेली. सकाळी सातला तिचा फोन आला. एवढंच म्हणाली, "आय गेली. उचलायला माणूस नाय."

माझा नवरा, कॉलेजमधले दोन सहकारी आणि जीपचा ड्रायव्हर असे आम्ही दहाच्या सुमारास वर पोचलो. आमच्याकडे कुणी गेलं की घरटी एक लाकूड येतं. त्या दिवशी एकही आलं नाही. सगळी दारं लावलेली, पण आत माणसं आहेत हे कळत होतं. कुठे खोकला, कुठे भांड्याचा आवाज. मैत्रिणीने गोठ्याकडे बोट दाखवलं. गुरं केव्हाच विकली होती. माझ्या नवऱ्याने आणि ड्रायव्हरने गोठ्याचे वासे उतरवले, खांब हलवून काढले. ते सरण झालं.

चौघांनी खांदा दिला. चौघेही वाडीबाहेरचे. मैत्रीण मडकं धरून पुढे, मी तिच्या मागे. वळणावर दादा उभा होता. टोपी काढून हातात घेतलेली. त्याचे डोळे लाल झाले होते. सकाळपासून तो तिथेच असणार.

मी थांबले. "दादा, खांदा दे. तिने तुला जेवू घातलंय."

त्याचे ओठ हलले. मागे शेडपाशी पाच-सहा तरुण उभे राहून त्याच्याकडे बघत होते. हळू आवाजात, जणू फक्त मलाच सांगायचं होतं, तो म्हणाला, "मी एकटा असतो तर दिला असता गो. मी आता एकटा नाय."

मैत्रिणीने ते ऐकलं. ती वळली नाही. चालत राहिली. ओढ्याच्या काठी तिनेच अग्नी दिला. लाकूड जुनं, कोरडं होतं, लवकर पेटलं. परत येताना वळणावर कुणी नव्हतं.

महिन्याभरात तिने बदली मागून घेतली. नाते गावाजवळच्या एका वाडीत तिला अंगणवाडी मिळाली, तिथेच एक खोली घेतली. वाडीतलं घर कुलूप लावून बंद आहे. डोंगर पुढे सरकला नाही. दोन पावसाळे झाले, भेग तशीच आहे, तिच्यात गवत उगवलंय. वाडीतले लोक म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो. डोंगर खाली आला असता तर मी बरोबर ठरले असते, पण तसं कुणी मागावं का?

दादाचे मात्र दिवस फिरले. ज्या तरुणांच्या नजरेला तो भ्यायला होता, त्यांनीच पुढच्या वर्षी बैठकीत सांगितलं की म्हाताऱ्यांनी आता घरी बसावं, लोकांना नवी माणसं हवीत. 'लोकांना' हाच शब्द होता, वहिनी म्हणाली. खालच्या बंगलेवाल्यांशी त्या नव्या माणसांची आता बरी उठबस आहे. झऱ्यावर एक टाकी बसणार, असं ऐकते. दादाने बैठकीत विरोध केला तर त्याला सांगितलं, तुम्ही वाडीच्या विरोधात बोलताय. त्यानंतर तो देवळाकडे जात नाही. कुणी त्याला वाळीत टाकलं नाही, नुसतं विचारायचं बंद केलं.

माझ्याशी तो दीड वर्ष बोलला नव्हता. यंदा मे महिन्यात डोळे दाखवायला महाडला आला, तेव्हा वहिनीने वाडीतून फोन करून मला दवाखान्यात जायला सांगितलं. मोतीबिंदू आहे म्हणाले. मी त्याला घरी आणलं, जेवायला वाढलं. तो पूर्वीसारखा पाटावर बसला नाही. गुडघ्यांमुळे खुर्ची लागते. जेवण होईपर्यंत आम्ही डोळ्यांच्या औषधांबद्दल बोललो. हात धुऊन आल्यावर त्याने विचारलं, "ती कुठं हाय?"

"नाते गावात."

"बरी हाय?"

"बरी आहे. मुलं येतात तिच्याकडे." मग मी म्हटलं, "जाऊया? अर्ध्या तासाचा रस्ता आहे. मी येते बरोबर."

त्याने औषधांची पिशवी उचलली. चप्पल घातली. आम्ही स्टँडवर जाऊन बाकावर बसलो. उन्हाचा कडाका होता. दादाने हिरवा चष्मा लावला होता, त्यामुळे तो कुठे बघतोय ते कळत नव्हतं. नाते गावाची गाडी लागली. मी उठले. तो बसून राहिला.

"दादा, गाडी."

"मी तिला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. नुसता ये."

"तिनं दार उघडलं नाय तर एक येळ चालंल," तो म्हणाला. "उघडलं तर काय करू?"

कंडक्टरने घंटा मारली. गाडी निघून गेली. आम्ही बसून राहिलो. पाऊण तासाने पोलादपूरची आली, तशी तो बाकाला धरून उठला. मी त्याला चढवून दिलं, थेंबांच्या बाटल्यांची पिशवी मांडीवर ठेवली, कुठले सकाळचे आणि कुठले संध्याकाळचे ते पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली. गाडी वळताना त्याने खिडकीतून हात बाहेर काढला, पण तो कुणाला, ते मला समजलं नाही. मी उभी होते त्याच्या दुसऱ्या बाजूला त्याचं तोंड होतं.

मी पुढच्या गाडीने एकटीच नाते गावाकडे गेले. मैत्रिणीच्या खोलीला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, बाई बैठकीला गेल्यात, संध्याकाळशिवाय येणार नाहीत. तिने मला पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, तिच्या वाडीतली. पायरीवर थोडा वेळ टेकले. मग परतीची गाडी होती, ती धरली.